स्वमग्न तरुणाच्या हाताला काम कोण देणार?

दरवर्षी २ एप्रिल रोजी जागतिक स्वमग्नता जागृती दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००७ साली तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. त्या दिवशी आपल्याकडेही व्याख्याने होतात, शाळांतून चित्रप्रदर्शने भरतात, निळे दिवे लावले जातात. या कार्यक्रमांत एक गोष्ट आम्हांला नेहमी जाणवते. तेथील भित्तिपत्रकांवर बहुधा लहान मुलेच दिसतात. जणू स्वमग्नता हा बालपणीचा एखादा आजार असून वयाबरोबर तो ओसरून जातो! वस्तुस्थिती तशी नाही. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे आणि तो आयुष्यभर सोबत राहतो. स्वमग्न बालक मोठे होते, मतदार होते, आणि एके दिवशी इतर कोणत्याही तरुणाप्रमाणे घरच्यांना विचारते, "मी कामाला कधी जाणार?"

या प्रश्नाला आज फार थोड्या घरांत उत्तर आहे. कायदा काय देतो, तो कोठे अपुरा पडतो, आईवडिलांनी काय करावे आणि धर्मग्राम म्हणून आपल्या सर्वांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या लेखात आम्ही करू इच्छितो.

एका घरची गोष्ट

वसईतील एक कुटुंब आमच्या निकटच्या परिचयाचे आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले, आई घर आणि थोडीशी वाडी सांभाळणारी. धाकटा मुलगा आज २५ वर्षांचा आहे. लहानपणी त्याला कोणी हट्टी म्हटले, कोणी मंद म्हटले. तो स्वमग्न असल्याचे निदान झाले तेव्हा तो नववीत होता. पुढे मुक्त विद्यालयातून तो बारावी उत्तीर्ण झाला. अक्षर सुरेख, स्मरणशक्ती तल्लख आणि विरार ते चर्चगेट गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ. मात्र अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलणे त्याला जमत नाही, आणि दोघेजण एकाच वेळी बोलू लागले तर तो कानांवर हात ठेवतो.

दोन वर्षांत तो पाच ठिकाणी मुलाखतीस गेला. एका ठिकाणी त्याला, स्वतःविषयी काही सांग, असे सांगण्यात आले. त्याने जन्मतारखेपासून सुरुवात केली आणि पहिलीपासूनच्या सर्व वर्गशिक्षकांची नावे क्रमाने सांगितली. समोरची मंडळी हसली. दुसऱ्या ठिकाणी, दिव्यांगांची जागा आहे पण ती पायाने अधू असलेल्यासाठी, असे उत्तर मिळाले. हसण्याचा प्रसंग घडला त्या संध्याकाळी त्याने आईला विचारले, "मी खरेच सांगितले, मग ते का हसले?" त्यानंतर तीन महिने तो घराबाहेर पडला नाही. रविवारच्या मिस्सेलाही नाही.

आईवडिलांना पगाराची फारशी चिंता नव्हती. दोन वेळचे जेवण घरात होते. त्यांच्या मनातला प्रश्न वेगळाच होता, आणि स्वमग्न अपत्य असलेल्या प्रत्येक घरात तो रात्री दिवा मालवल्यावर येतो: आमच्या मागे याचे काय?

हे घर एकटे नाही. ब्रिटनमध्ये शासनाच्या सांगण्यावरून स्वमग्न व्यक्तींच्या रोजगाराचा आढावा घेण्यात आला आणि २०२४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार तेथे काम करण्याच्या वयातील १० स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे ३ जणच नोकरीत आहेत. इतर दिव्यांगांच्या तुलनेतही हे प्रमाण कमी आहे. आपल्या देशात तर साधी मोजदादही झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, परंतु त्या नोंदवहीत स्वमग्नतेसाठी स्वतंत्र रकानाच नव्हता.

कायद्याने काय दिले?

आज पंचविशीत असलेली स्वमग्न पिढी कायद्याच्या एका फटीत वाढली, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला आणि त्याने स्वमग्नतेची दखल घेतली, पण ती पालकत्व, निवारा आणि देखभाल यांपुरती. नोकरीतील राखीव जागांचा लाभ त्यातून मिळत नव्हता. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र कसे द्यावे याची मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१६ साली काढली. तोपर्यंत कित्येक मुलांच्या कागदपत्रांवर मतिमंदत्वाचा शिक्का बसला होता, आणि कित्येकांना कोणताच कागद मिळाला नव्हता.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने सातच्या जागी २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आणि स्वमग्नतेचा त्यांत समावेश केला. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या. हे पाऊल निःसंशय मोठे आहे. परंतु वाटणी पाहिली की अडचण ध्यानात येते. एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना, एक टक्का कर्णबधिरांना, एक टक्का अस्थिव्यंग आदी गटाला, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व या सर्वांना मिळून. म्हणजे १०० जागांमागे एक जागा, आणि तिच्यावर हक्क सांगणारे पाच प्रकारचे उमेदवार. त्यातही निवड बहुधा लेखी परीक्षेने होते. अशा वेळी ज्याला परीक्षेचे तंत्र अवगत आहे तो पुढे जाणार आणि ज्याला परीक्षा केंद्रातला गोंगाटच असह्य होतो तो मागे राहणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

खासगी क्षेत्राची स्थिती याहून मऊ आहे. किमान ५ टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत यासाठी मालकांना प्रोत्साहन द्यावे, असे कायदा सांगतो. सक्ती करीत नाही. मात्र २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचे धोरण तयार करावे, दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत हे त्यात नमूद करावे आणि दिव्यांगांच्या भरतीकडे पाहणारा एक संपर्क अधिकारी नेमावा, असे नियमांत आहे. आपल्या परिसरातील किती कारखानदारांनी, किती शाळांनी, किती रुग्णालयांनी हा नियम वाचला असेल?

कायद्यातील सर्वांत मोलाची कल्पना 'वाजवी सोयी'ची आहे. दिव्यांग व्यक्तीला काम करता यावे म्हणून झेपेल असा बदल करून देणे, आणि तो नाकारणे म्हणजे भेदभाव करणे, असे हा कायदा मानतो. २०२१ साली विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कल्पना समानतेच्या गाभ्याशी असल्याचे सांगितले. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा लागतो, हे आता आपल्याला समजले आहे. स्वमग्न व्यक्तीसाठीचा उतार विटा-सिमेंटचा नसतो. तो लेखी सूचनेचा, शांत कोपऱ्याचा आणि ठरलेल्या वेळेचा असतो. त्याला खर्च फारसा येत नाही. म्हणूनच कदाचित तो बांधायचे कोणाच्या ध्यानी येत नाही.

मुलाखतीचा उंबरठा

आमच्या मते खरी अडचण कामात नाही, कामाच्या दारात आहे. मुलाखत ही मुळात बोलण्याची परीक्षा असते. हसून नमस्कार करणे, नजरेला नजर देणे, विचारलेल्या प्रश्नामागचा न विचारलेला प्रश्न ओळखणे, आपले गुण थोडे रंगवून सांगणे: नेमक्या याच गोष्टी स्वमग्न व्यक्तीला अवघड जातात. गोदामात माल लावणाऱ्याला, नोंदी तपासणाऱ्याला वा रोपवाटिकेत काम करणाऱ्याला यांतील कशाची गरज असते? आपण पोहणाऱ्याची परीक्षा झाडावर चढवून घेत आहोत.

हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी मुलाखत बाजूला ठेवून प्रत्यक्ष काम करून पाहण्याची संधी दिली. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन या गृहस्थाने २००४ साली स्पेशालिस्टर्न ही संस्था काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. बारीकसारीक चुका शोधण्याची, एकाच कामात लक्ष गुंतवून ठेवण्याची जी वृत्ती इतरत्र दोष ठरते, तीच संगणक-प्रणालींच्या तपासणीत गुण ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे सॅप या जर्मन संगणक कंपनीने २०१३ साली त्यांच्या साहाय्याने स्वमग्न व्यक्तींच्या भरतीचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्याचा सुरुवातीचा प्रयोग आपल्याच देशात, बंगळुरूला झाला होता. सर्वच स्वमग्न तरुण संगणकात हुशार असतात असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली 'कॅफे अर्पण' सुरू केले. स्वमग्नता व बौद्धिक दिव्यांगत्व असलेली प्रौढ मंडळी तेथे स्वयंपाकघरात आणि ग्राहकांच्या सेवेत काम करतात. काम लहान लहान पायऱ्यांत विभागले, प्रत्येकाला झेपेल ती पायरी दिली आणि शिकवायला माणूस शेजारी उभा राहिला, की जमते.

आईवडिलांच्या हाती काय आहे?

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि अशा अनेक मातापित्यांशी बोलून जे हाती आले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट कागदांची. शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड अवश्य घ्यावे. नातेवाईक काय म्हणतील, लहान बहिणीचे लग्न कसे होईल, या भीतीने कित्येक घरी अर्जच केला जात नाही. अशाने लाज झाकली जाते, पण हक्कही झाकला जातो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, तीही पाहावी. आई किंवा वडील शासकीय सेवेत असतील तर, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. त्याचे नाव हयातीतच नोंदवून ठेवावे. थोडे काम केले की ते निवृत्तिवेतन बुडेल, या भीतीने मुलाला घरी बसवून ठेवणारेही पालक आम्ही पाहिले आहेत. केंद्र शासनाने २०२१ साली ही मिळकतीची अट शिथिल केली आहे. नेमकी मर्यादा आपल्या कार्यालयात विचारून घ्यावी. अंदाजाने निर्णय घेऊ नये.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. अपत्य १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण प्रत्येकाला त्याची गरज असतेच असे नाही. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच व्यवहाराचा अधिकार दिला आहे. तेव्हा शक्य तेथे बँकेचे खाते त्याच्याच नावाने असावे, पैसे काढायला त्याने स्वतः जावे आणि आपण फक्त सोबत उभे राहावे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे: हात सोडण्याची. डॉक्टरांकडे, दुकानात, गाडीत आपण त्याच्या वतीने बोलत राहतो आणि त्याला बोलण्याची वेळच येत नाही. कामाची तयारी पदविकेने होत नाही. ती घरातून होते. ठरलेल्या वेळी उठणे, स्वतःचा डबा भरणे, स्टेशनपर्यंत एकटे जाणे, गाडी रद्द झाली तर काय करायचे ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवणे. प्रवास तर टप्प्याटप्प्याने शिकवावा लागतो. प्रथम त्याच्याबरोबर, मग एक डबा सोडून, मग पुढच्या स्टेशनवर वाट पाहत. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट असते हे आम्ही जाणतो. पण त्या काळजीपायी मुलीला कायमचे चार भिंतींत ठेवणे हे संरक्षण नव्हे.

आणि काम सुटले तर? तेही होते. सतत इतरांसारखे वागण्याचा प्रयत्न करून स्वमग्न माणूस आतून थकून जातो आणि एके दिवशी त्याचे पाऊल उचलत नाही. त्याला आळशी म्हणू नये. विश्रांती द्यावी, काय सोसले नाही ते शांतपणे शोधावे: आवाज, उजेड, गर्दी की अचानक झालेला बदल? कारण सापडले की पुढचे काम निवडणे सोपे जाते.

धर्मग्राम म्हणून आपण

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमाविषयी परिपत्रक काढले. त्यातील २२ वा परिच्छेद दिव्यांग व्यक्ती आणि काम याच विषयाला वाहिलेला आहे. केवळ धडधाकट माणसांनाच कामात सामावून घेणारा समाज हा बलवानांनी दुर्बलांवर केलेल्या भेदभावाचाच एक प्रकार आचरतो, असा त्याचा आशय आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्नतेवर परिषद झाली. तेथे पोप फ्रान्सिस यांनी स्वमग्न व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली आणि त्यांचे एकटेपण मोडण्याचे आवाहन केले. शिकवण तर स्पष्ट आहे. प्रश्न आचरणाचा आहे.

आपल्या समाजाच्या हाती आज काय काय आहे याचा थोडा विचार करावा. शाळा आहेत, रुग्णालये आहेत, पतपेढ्या आहेत, वाड्या आहेत, बेकऱ्या, छापखाने आणि दुकाने आहेत. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालणे, रुग्णालयाच्या भांडारात मालाची मुदत तपासणे, पतपेढीत जुनी कागदपत्रे संगणकावर चढवणे, धर्मग्रामाच्या कार्यालयातील जुन्या नोंदवह्यांची सूची तयार करणे, वाडीत रोपे तयार करणे: ही सर्व कामे शांत, ठरावीक आणि नेटकेपणाची आहेत. अशा जागी प्रत्येक संस्थेने एकाला तरी महिनाभर काम करून पाहण्याची संधी द्यावी. मुलाखत घेऊ नये. दिवसाला दोन तास पुरेत. आणि कामाचे पैसे द्यावेत. दिव्यांग मुलाला वेळ घालवायला जागा दिली हेच उपकार, असे समजून फुकट राबवून घेणे हा न्याय नव्हे.

लघु ख्रिस्ती समूहांना आमची आणखी एक विनंती आहे. आपल्या वस्तीतील असे तरुण कोण, हे आपल्याला माहीत असते. तरी आपण विचारत नाही. कारण आपल्याला वाटते, विचारले तर त्यांना वाईट वाटेल. खरे तर न विचारल्यानेच वाईट वाटते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही स्वमग्न व्यक्तींना कितीही सोयी दिल्या तरी नोकरी करता येणार नाही. त्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताची गरज लागेल. त्यांच्या माणूसपणाला त्यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनी आपण कोठे कमी पडलो असे मनाला लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी निवासाची, सोबतीची सोय उभी करणे हेही समाजाचेच काम आहे. परंतु ज्याला काम करता येते आणि करावेसे वाटते, त्याला केवळ दारात नीट बोलता आले नाही म्हणून परत पाठवणे, हे आपण थांबवू शकतो.

पुन्हा त्या घराकडे

ज्या मुलाची कथा सुरुवातीस सांगितली, त्याला अखेर धर्मग्रामातल्याच एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने बोलावले. मुलाखत नाही, थेट गोदामात. आठवड्यातून तीन दिवस, दोन दोन तास. औषधांची खोकी मुदतीच्या तारखेनुसार लावायची. काय करायचे ते भिंतीवर सहा ओळींत लिहून लावले. पहिल्या पंधरवड्यातच त्याने मुदत संपलेली चार खोकी शोधून काढली. ती इतरांच्या नजरेतून सुटली होती.

सारे सुरळीत झाले असे नाही. एके दिवशी न सांगता मांडणी हलवली गेली. तो अर्ध्यातून घरी आला आणि चार दिवस गेला नाही. वडिलांनी मालकाची भेट घेतली. मालक म्हणाले, "काका, आम्हांला सुचलेच नाही." तेव्हापासून काही बदलायचे असले तर आदल्या दिवशी त्याला चिठ्ठी मिळते. आज तो रोज चार तास काम करतो, आणि त्या कामाचा इतरांना मिळतो तोच दर त्याला मिळतो.

आमच्या मागे याचे काय, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्या आईवडिलांना अजून मिळालेले नाही. परंतु त्यांच्या मुलाला नावाने ओळखणारी, तो आला नाही तर का आला नाही असे विचारणारी माणसे आता घराबाहेरही आहेत. उत्तराची सुरुवात तेथूनच होते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळायला आला तरी चौकात उभी असलेली माणसे आहेत. ती आळशी नव्हती. त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते. आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे उभी आहेत. मळ्यांचे धनी आपणच आहोत. येत्या रविवारी मिस्सेनंतर घरी जाताना आपल्या दुकानात, शाळेत वा वाडीत दोन तासांचे कोणते काम निघू शकेल, एवढा विचार प्रत्येकाने करावा आणि ज्या घरी असा तरुण वा तरुणी आहे त्या घराचे दार वाजवावे.